मदत हवी आहे: व्हीएमसीपुढे ढीग साचतोय, टर्निंगला आवर कसा घालू?

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतून व्हॉल्व्ह बॉडीचं कास्टिंग येतं. आधी सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) टर्निंग, म्हणजे बॉडी फिरवत कापणं, मग व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर) ड्रिलिंग-टॅपिंग, म्हणजे भोकं पाडून आटे कापणं, बर (कडेला राहिलेले धातूचे कंगोरे) काढणं, लीक टेस्ट, धुलाई आणि डिस्पॅच. टर्निंगला चार मशीनं आहेत. रोटरी टेबल (जॉब हव्या त्या कोनात फिरवणारं टेबल) असलेलं व्हीएमसी मात्र एकच, आणि प्रत्येक बॉडीला त्याच्यावरून जावंच लागतं. शॉप काकांनी उभं केलं, प्लॅनिंग आता माझ्याकडे आहे.

ग्राहकाला रोज ५० बॉडी हव्यात, आमच्याकडून ४० च्या आसपास जातात. टर्निंगला एका बॉडीमागे ६ मिनिटं लागतात, व्हीएमसीला १४. दोन पाळ्यांत चहा-जेवण वगळून ९०० मिनिटं हातात असतात. म्हणजे टर्निंगचं एकच मशीन रोज १५० बॉडी काढू शकतं आणि व्हीएमसी कागदावर ६४. कागदावर असं म्हणतेय, कारण दोन इंची आणि तीन इंची बॉडी आलटून-पालटून चालते आणि दिवसातून दोनदा सेटिंग बदलतं. प्रत्येक वेळी दीड तास जातो, वर पहिला जॉब क्वालिटीकडून पास होईपर्यंत अर्धा तास मशीन उभं. त्यात टॅप (आटे कापायचं टूल) तुटणं, इन्सर्ट (टूलची बदलती धार) बदलणं. आज टर्निंग आणि व्हीएमसी यांच्या मध्ये सुमारे ६०० बॉडी पडून आहेत. रोजच्या ४० च्या हिशेबाने हा १५ दिवसांचा माल झाला. आज टर्न केलेल्या बॉडीला व्हीएमसीवर चढायला पंधरवडा लागतो आणि तोवर कास्टिंगचे पैसे अडकून राहतात.

सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला असताना थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स शिकले होते. इस्रायलचे भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांची ही मांडणी. अडथळा शोधा, आहे त्या अडथळ्याकडून पुरेपूर काम काढून घ्या, बाकी सगळ्यांना त्याच्या चालीने चालवा, तरीही कमी पडलं तरच क्षमता वाढवा, आणि अडथळा सरकला की पुन्हा पहिल्यापासून. आमचा अडथळा शोधायला फार अक्कल लागत नाही, ढीगच सांगतो. माझं अडतंय ते तिसऱ्या पायरीवर.

व्हीएमसी जेवढं खाईल तेवढंच कास्टिंग टर्निंगला द्यायचं म्हटलं, तर टर्निंगची मशीनं बराच वेळ उभी राहणार. आमच्याकडे टर्निंगच्या पोरांना टार्गेटच्या वर प्रत्येक नगामागे इन्सेंटिव्ह आहे. महिन्याचा किराणा त्या पैशातून भरणारी घरं मला माहीत आहेत. नुसतं ‘थांबा’ म्हणणं म्हणजे त्यांच्या खिशात हात घालणं, आणि ते मला करायचं नाही. दुसरीकडे काका म्हणतात, मशीन बंद म्हणजे हप्ता अंगावर. टर्निंगवाले कायम घाईत दिसतात म्हणून ते पाचवं टर्निंग मशीन घ्यायच्या विचारात आहेत. बँकेची फाइलसुद्धा तयार झाली आहे. हे मशीन आलं तर एकही बॉडी जास्त जाणार नाही, फक्त ढीग वाढेल, असं मला अगदी मनापासून वाटतं. पण काकांना पटेल असं कसं मांडू?

आणखी एक गोष्ट. अधूनमधून लीक टेस्टपुढेही माल साचतो. मग अडथळा तिकडे सरकला असं समजायचं का? लीक टेस्टमध्ये ब्लो होलमुळे (कास्टिंगमध्ये हवेने राहिलेल्या पोकळीमुळे) दर शंभरात पाच-सहा बॉडी बाद होतात.

ज्यांनी छोट्या शॉपमध्ये हे प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी कृपया लिहा. ईआरपी, सॉफ्टवेअर वगैरे सध्या परवडणारं नाही.

प्रतिसाद १

ताई, मी सातारा एमआयडीसीत बरीच वर्षं प्रॉडक्शन सांभाळलंय. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरा पैसा तिथे गळतोय. लीक टेस्टला बाद झालेली प्रत्येक बॉडी व्हीएमसीची १४ मिनिटं खाऊन आलेली असते. ती मिनिटं परत मिळत नाहीत. टर्निंगनंतर फेस (सपाट तोंडं) तयार असतात आणि बाजूची भोकं अजून पडलेली नसतात, म्हणजे सील करणंही सोपं. तिथेच एक कच्ची लीक टेस्ट लावा. ड्रिलिंगनंतर एखादं नवं ब्लो होल उघडं पडू शकतं, त्यामुळे शेवटची टेस्ट काढू नका. पण उघड गळणारी बॉडी व्हीएमसीवर चढताच कामा नये.

लीक टेस्टपुढचा ढीग कधीतरीच दिसतो आणि विरतो, म्हणजे तो अडथळा नव्हे. तुम्ही व्हीएमसीचा माल मोठ्या लॉटने पुढे पाठवत असणार. बॅच तीच ठेवा, पण ट्रॉली भरली की पुढे ढकला.

आता व्हीएमसी. चहा-जेवणात मशीन बंद असतं ना? दोन पाळ्यांची ६० मिनिटं. तिथे बदली माणूस द्या. पहिला जॉब पास व्हायची वाट, आणखी ६०. व्हीएमसीचा पहिला जॉब आला की क्वालिटीवाल्याने हातातलं काम सोडायचं, असा नियमच करा. एक दिवस दोन इंची, एक दिवस तीन इंची घेतलं तर रोजचं एक सेटिंग वाचतं, त्याची ९०. एकूण २१० मिनिटं, म्हणजे १५ बॉडी. यातलं सगळं हाती लागणार नाही. पण उरलेल्या सेटिंगची टूल्स आणि फिक्स्चर मशीन चालू असतानाच बाहेर मांडून ठेवली, तर दीड तासातलाही बराच भाग वाचतो. ५० गाठायला नवं मशीन लागू नये.

प्रतिसाद २

इन्सेंटिव्हबद्दल. नगावरचा इन्सेंटिव्ह एकदम काढू नका, माणसं तुटतील. प्रत्येकाला मागच्या काही महिन्यांत सरासरी जेवढा मिळाला तेवढा आधी कायम करा, आणि त्यावरचा वाढावा पूर्ण शॉपच्या डिस्पॅचवर लावा. रोज ४० च्या वर गाडीत चढलेल्या प्रत्येक बॉडीमागे सगळ्यांना वाटा. मग टर्निंगवालाच व्हीएमसीकडे बघायला लागतो. वर सांगितलेली कच्ची लीक टेस्ट, फिक्स्चर लावणं, जेवणातली बदली, ही कामं त्याच पोरांना शिकवा. मोकळा वेळ इथे वापरा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! टर्निंगनंतर टेस्ट करता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बदली माणसाचा मुद्दा आमच्यासाठी फारच महत्त्वाचा आहे, कारण रोटरी टेबल नीट येणारे दोघेच ऑपरेटर आहेत आणि दोघेही तासगावकडचे. ऑक्टोबर छाटणी आली की त्यांच्या द्राक्षबागा त्यांना बोलावतात, आणि ते मी नाकारू शकत नाही. टर्निंगमधला एक हुशार मुलगा आत्तापासूनच त्यांच्या हाताखाली देते.

आता दोन प्रश्न उरतात: व्हीएमसीपुढे किती माल ठेवू, आणि काकांशी काय बोलू?

प्रतिसाद १ (पुढे)

आज १५ दिवसांचा माल आहे ना, तो निम्म्यावर आणा. ३०० बॉडी राहीपर्यंत टर्निंगला रोज व्हीएमसीच्या निकासापेक्षा कमी कास्टिंग द्या, मग जेवढ्या निघाल्या तेवढ्याच. जमिनीवर हिरवा, पिवळा, लाल असे तीन सारखे पट्टे रंगवा. ढीग कमी होत लालमध्ये आला तरच टर्निंगला घाई करायची. महिनाभर लाल दिसलाच नाही तर आणखी कमी करा.

काकांपुढे सिद्धांत मांडू नका, रुपये मांडा. विक्रीच्या किमतीतून कास्टिंग आणि इन्सर्टसारखा थेट खर्च वजा करा. समजा बॉडीमागे ३०० रुपये राहतात. व्हीएमसी तासाला चार बॉडी काढतं, म्हणजे ते तासभर उभं राहिलं की साधारण १,२०० रुपये गेले. टर्निंगचं मशीन तासभर उभं राहिलं तर डिस्पॅच तेवढाच राहतो, म्हणजे शून्य. व्हीएमसी कधी आणि का थांबलं याची वही मशीनजवळच ठेवा, ऑपरेटरनेच लिहायची, आणि रोज संध्याकाळी काकांना दाखवा. बँकेची फाइल फाडायला सांगू नका, फक्त तिमाहीभर थांबायला सांगा. तोवर ग्राहकाची मागणी ६० च्या पुढे गेली, तर त्याच कर्जातून रोटरी टेबलवालं दुसरं व्हीएमसी घ्यायचं का, हे त्या वहीवरून ठरवता येईल.