हार्लेमच्या पुस्तक जत्रेत ‘स्ट्रीट लिट’ला जागा कुठे असावी?

ओसरी (धागाकर्ती)

न्यू यॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीच्या भागात 135व्या रस्त्यावर भरणारी हार्लेम बुक फेअर मॅक्स रॉड्रिग्ज यांनी 1998 साली सुरू केली. काही वर्षांपूर्वी जुलैच्या उन्हात मी तेथे गेले होते. शॉमबर्ग सेंटर या काळ्यांच्या इतिहासाला वाहिलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभागृहात इतिहास आणि कवितेवर परिसंवाद चालू होता व खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या. बाहेर घडीच्या टेबलांवर मात्र ‘स्ट्रीट लिट’च्या, म्हणजे काळ्या वस्त्यांतील गुन्हेगारी आणि अमली पदार्थांच्या जगावरील, गुळगुळीत मुखपृष्ठांच्या कादंबऱ्यांच्या चळती लागलेल्या होत्या आणि पिस्तूल, नोटांची थप्पी व तोकड्या कपड्यांतील तरुणी यांपैकी निदान दोन गोष्टी प्रत्येक मुखपृष्ठावर होत्याच. परिचारिकेच्या गणवेशातील एका बाईंनी उभ्या उभ्याच पहिले प्रकरण वाचून काढले आणि त्याच मालिकेतील तीन पुस्तके घेतली.

अशी पुस्तके कोणी विकू नयेत, असे मी म्हणत नाही. पण आर्तुरो शॉमबर्ग यांना शाळेत ‘काळ्यांना इतिहास नसतो’ असे ऐकावे लागले आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी ग्रंथ जमवले, असे सांगतात. तो संग्रह 1926 साली सार्वजनिक ग्रंथालयाकडे आला, आणि त्याच इमारतीच्या दारात अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या प्रेमकथा हा जत्रेचा दर्शनी चेहरा व्हावा, हे मला पटत नाही. लेखक निक चाइल्स यांनी 2006 च्या जानेवारीत ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये हेच दुःख मांडले होते. अटलांटाजवळच्या एका दुकानात आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचे कपाट अशा मुखपृष्ठांनी भरलेले आणि त्यातच आपली पुस्तके पाहून त्यांना शरम वाटली होती.

कृष्णाकाठ

चाइल्स यांची शरम खरी आहे, पण ती चुकीच्या माणसांवर काढली गेली आहे. गोऱ्या लेखकाची गुन्हेकथा गुन्हेकथांच्या कपाटात जाते आणि त्याच दुकानात काळ्या लेखकाची गुन्हेकथा, प्रेमकथा आणि गंभीर कादंबरी अशी सगळी एकाच कपाटात कोंबली जातात, कारण वर्गवारी विषयाची नसून कातडीची असते. मग शेजारी कोण बसले यावरून घरातल्या घरात भांडण लागते. पुस्तके लावणारा मात्र नामानिराळा राहतो. जत्रेचा चेहरा कोणता, हा आपला प्रश्नही त्याच कपाटातून आला आहे. गोऱ्या लोकांच्या पुस्तक महोत्सवात रहस्यकथा विकल्या गेल्या म्हणून त्यांच्या समाजाची अब्रू जाते, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय हे साहित्य गुन्ह्याचे गोडवे गाते, हा सरसकट आरोप वाचून केलेला नसतो. डोनाल्ड गोइन्स या काळ्या लेखकाची 1971 सालची पहिली प्रकाशित कादंबरी हेरॉइनच्या व्यसनाने माणूस कसा सडतो हे दाखवते, आणि लेखिका सिस्टर सोल्जा यांच्या 1999 सालच्या गाजलेल्या कादंबरीची नायिका शेवटी तुरुंगात जाते.

तळटीप

कृष्णाकाठ, गोइन्स यांचे नाव काढलेच आहे तर पुढचेही सांगू या. लॉस एंजेलिसच्या ज्या हॉलोवे हाउस या प्रकाशनसंस्थेने त्यांना आणि याच धाटणीचे लेखक आइसबर्ग स्लिम यांना छापले, तिचे मालक गोरे होते. व्यसनात बुडालेल्या गोइन्स यांनी चारएक वर्षांत सोळा कादंबऱ्या लिहिल्या आणि 1974 साली डेट्रॉइटमध्ये त्यांचा गोळ्या घालून खून झाला. याला ‘समाजाचा आवाज’ म्हणताना माझी जीभ अडखळते. काळ्या वस्तीचे दुःख काळ्याच वाचकाला विकायचे आणि गल्ला तिसऱ्याने मोजायचा, हा धंदा होता.

कृष्णाकाठ

तीच तर बाहेरच्या टेबलांची बाजू आहे! विकी स्ट्रिंगर यांनी तुरुंगात लिहिलेली कादंबरी प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा त्यांनी ती स्वतः छापून गाडीतून विकली आणि ओहायोतील कोलंबस येथे ट्रिपल क्राउन ही प्रकाशनसंस्था काढली. गल्ला तिसऱ्याने मोजू नये, याचे उत्तर याच बायकांनी शोधले. आणि भाषेचा विटाळ मानायचा तर मराठी वाचकाने जरा जपून बोलावे. अमेरिकेतील काळ्यांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून नाव घेतलेली दलित पँथर ज्या 1972 साली उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, आणि त्यातील शब्दांनीही पुष्कळांची झोप उडाली होती.

ओसरी

ही तुलना मी मान्य करणार नाही. ढसाळांनी वस्तीची भाषा कवितेत आणली ती वाचकाला अस्वस्थ करण्यासाठी. मालिकेचा चौथा भाग खपावा म्हणून नव्हे. ‘गोलपिठा’ला तेंडुलकरांची प्रस्तावना होती, म्हणजे त्या भाषेशी कोणीतरी गांभीर्याने झुंजले होते. येथे तशी समीक्षा कुठे आहे?

तळटीप

ओसरीताई, मी तुमच्या बाजूचा असलो तरी हे तुमच्याच अंगावर येते. सभागृहात बोलावलेच नाही तर समीक्षा होणार कुठे? माझ्या मते या लेखिकांना साहित्यिक गौरवासाठी नव्हे, तर छपाईचा खर्च, वितरण आणि करारातील कलमे यांवर बोलण्यासाठी आत बोलवावे. त्या विषयात परिसंवादातील प्राध्यापकांपेक्षा त्यांना नक्कीच जास्त कळते.

ओसरी

करारांवरच्या सत्राला माझी हरकत नाही. उलट मी पहिल्या रांगेत बसेन. मुखपृष्ठांबद्दलचे माझे मत मात्र तसेच आहे. कपाटाचा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, हे कबूल करते. त्या परिचारिका बाई तीन पुस्तके पिशवीत टाकून सभागृहाच्या दारावरूनच पुढे गेल्या होत्या. आत काय चालले आहे हे त्यांना बाहेर कोणी सांगितले नाही, आणि मीही सांगितले नाही.