पोरांना व्हीएमसी मशीनवरचं काम बक्षीस म्हणून द्यावं काय?

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप हाय, हायड्रॉलिकचे पार्ट करतो. डिबरिंग, म्हणजे कापलेल्या पार्टच्या कडेची बर (धातूची धारदार कुसळं) काढायचं काम म्हटलं की पोरं तोंड वाकडं करतात, सगळ्यांनाच व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, सेटिंग शिकायचंय. पगारवाढ आत्ता जमत नाही, तर जो लॉट नीट संपवील त्याला दुपारनंतर मशीनवर घ्यायचं म्हणतोय. चालंल काय?

> चालतंय की. डेव्हिड प्रीमॅक ह्या मानसशास्त्रज्ञानं १९५९ लाच मांडलंय हे, माणूस आपणहून जे जास्त करतो ते नावडत्या कामाचं बक्षीस होऊ शकतंय. पण कुणाला काय आवडतं ते आधी बघा, आमच्यातला एकजण टूल ऑफसेट (मशीनला द्यायचं टूलचं माप) घे म्हटलं की घामाघूम होतोय, त्याला ती शिक्षाच!

> मला नाही पटत. मशीन शिकवणं बक्षीस कसलं ओ, ते तर द्यायलाच पायजे. हात सावकाश चालणारा कायम डिबरिंगलाच राहणार आणि चार पैसे जास्त दिसले की कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी गाठणार.

बरं, मग शिकायची पाळी सगळ्यांना, लॉटवर फक्त आधी कोण ते ठरवतो.

> चेकिंग मात्र ठेवा भाऊ, मशीनच्या नादात घाईत उरकतील आणि पोर्टात (तेल जायच्या भोकात) बर राहिली की सील कापतंय.