कॅलाथियाच्या कडा करपतात तेव्हा आधी पाणी बघा

कॅलाथिया (घरात ठेवायचं शोभेच्या पानांचं झाड) च्या पानांच्या कडा करपतात, काय करावं, या प्रश्नावर दोघांनी 'पाणी वाढवा, पानांवर फवारा मारा' असं सुचवलंय. पण माती ओली असूनही कडा तपकिरी, कुरकुरीत होत असतील तर बहुतेक वेळा कारण पाण्यातले क्षार असतात. ते मुळांवाटे चढतात आणि पाणी उडून गेलं की पानाच्या टोकाशी, कडेला साचतात. बोअरचं पाणी या झाडाला सोसत नाही. आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी तर अजिबात घालू नका, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, क्षार जात नाहीत. उकळूनही बहुतेक क्षार जात नाहीत. पावसाचं किंवा आरओचं प्यायचं पाणी उत्तम.

साचलेले क्षार धुऊन काढायला आत्ता एकदा कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट-चौपट पाणी सावकाश ओतून पूर्ण निथळू द्या. ताटलीत साचलेलं लगेच फेका. पुढचं पाणी वरची २ सेंमी माती सुकल्यावरच.

कुंडीची माती बदलणार असाल तर कोकोपीटमध्येही (नारळाच्या काथ्याच्या भुशातही) मीठ असतं, म्हणून दोन-तीनदा भिजवून पिळून घ्या. मग मिश्रणात कोकोपीट २ भाग, परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे दाणे) १, गांडूळखत १. खत जास्त झालं तरी कडा अशाच जळतात.

फवाऱ्याने हवेतला ओलावा काही मिनिटंच टिकतो. त्यापेक्षा कुंड्या एकत्र ठेवा, एसीच्या झोतापासून दूर. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, सुधारणा नव्या पानांत बघा.

आणि पानांवर बारीक फिकट ठिपके असतील तर पानामागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) शोधा, तो वेगळाच उपद्रव आहे.