घरी सोडा मशीन घ्यावं का?

रंकाळाकर: मंडळी, ऊन वाढायला लागलंय आणि आमची पोरं रोज संध्याकाळी गाडीवरचा लिंबू सोडा प्यायला पळतात, म्हणून म्हटलं घरीच मशीन आणावं. बजेट फार नाही. कोण वापरतंय का? गॅस संपला की पुढं काय करायचं?

तांबडा_पांढरा: भावा मी दोन वर्षं वापरायलोय. पहिल्याच दिवशी शहाणपणा केला, लिंबू साखर घातलेलं सरबतच मशीनला लावलं, फस्सकन जे वर आलं ते ओट्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत, बायको आजून काढती. नुसतं पाणीच लावायचं, बाटलीवरच्या रेघेपर्यंत, आणि तेबी फ्रिजमधलं एकदम गार, गार पाण्यात गॅस जास्त मुरतो. सरबत नंतर ग्लासात. आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला विचार सिलिंडर बदलून देणार का, न्हाईतर मशीन माळ्यावर जातंय बघ.

सोलकढीवाली: आमच्याकडे सोडा कमी, सोलकढी जास्त. तिला मशीन कशाला, मिक्सर आणि पांढरं सुती फडकं बास. ओलं खोबरं कोमट पाणी घालून वाटायचं म्हणजे दूध चांगलं सुटतं, मग फडक्यातून घट्ट पिळायचं. आमसुलं मात्र काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात भिजवा, ॲल्युमिनियमच्यात नको, आंबट असतं ते.

रंकाळाकर: कॅलेंडरचा फोटो टाक की भावा 😂 उद्या शाहूपुरीत सिलिंडरची चौकशी करतो. फडकं काय, घरात हायच.