बोलोन्येज सॉस पास्त्याशिवाय: मटण खिम्याला पाणी सुटतं, ताटात तळं होतं. चुकतंय काय?

पौडफाटा_चौथा_मजला

चौघांसाठी बोलोन्येज करायचं आहे. घरात शुगरचं पथ्य असल्याने पास्ता बाद. सध्याचं प्रमाण असं: बोकडाचा खिमा अर्धा किलो, दोन मोठे कांदे, सहा टोमॅटो मिक्सरमधून काढून, एक गाजर, शेवटी कपभर दूध. पाऊण तास झाकण ठेवून शिजवायचं. पास्त्याऐवजी झुकिनीचे नूडल्स.

अडचणी:
१) खिमा परतताना पाणी सुटतं, रंग राखाडीच राहतो आणि गोळे होतात.
२) ताटात वाढल्यावर पाच मिनिटांत सॉसखाली पाणी साचतं.
३) दूध घातलं की फाटल्यासारखे कण दिसतात.
४) गार झाल्यावर ओठांना तुपकट थर चिकटतो.

कार्ब (कर्बोदकं) अजून कमी करायला गाजर-कांदा काढून टाकू का? आणि दाटपणासाठी चमचाभर कॉर्नफ्लॉवर चालेल का?

---

खलबत्ता

कॉर्नफ्लॉवर नको, गाजर काढू नका, कांदा मात्र कमी करा. कारण सांगतो.

आपल्या रश्श्यात कांदा दाटपणासाठी असतो, म्हणून हात सवयीने दोन मोठ्या कांद्यांकडे जातो. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या रागूत, म्हणजे मूळ बोलोन्येज सॉसमध्ये, कांदा नुसता पाया आहे, दाटपणा मांस आटूनच येतो. इटलीतल्या 'अकादेमिया इतालियाना देल्ला कुचीना' या पाककला संस्थेने १७ ऑक्टोबर १९८२ रोजी बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये जी कृती नोंदवली, तिच्यात ३०० ग्रॅम गोमांस आणि १५० ग्रॅम पान्चेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं मीठ लावून मुरवलेलं मांस, आहे. त्याला कांदा, गाजर, सेलरी प्रत्येकी फक्त ५० ग्रॅम. टोमॅटो किती? प्युरी ५ चमचे, किंवा घट्ट पेस्ट २० ग्रॅम. २० एप्रिल २०२३ ला ती कृती सुधारली, तेव्हा टोमॅटो २०० ग्रॅमपर्यंत वाढला आणि दूध ऐच्छिक झालं. म्हणजे मुळातच हा मांसाचा सॉस आहे, टोमॅटोचा नाही. सहा टोमॅटो घातले की तुम्ही सार करताय.

आता हिशोब. तुमच्या पातेल्यात दोन मोठे कांदे (३०० ग्रॅम) म्हणजे साधारण २७ ग्रॅम कार्ब, सहा टोमॅटो २३, गाजर ८, कपभर दूध १२. एकूण ७०, माणशी १७-१८. त्याऐवजी कांदा ६०, गाजर ६०, सेलरी ६०, बटण मशरूम १५०, टोमॅटो ३००, टोमॅटो पेस्ट १५ ग्रॅम आणि १०० मिली ड्राय वाइन घेतली तर बेरीज ३५च्या आसपास येते, माणशी ९. तंतू (फायबर) वजा केले की अजून थोडी कमी. या तुलनेत ८० ग्रॅम कोरडा पास्ता एकटाच ६०च्या घरात जातो. पास्ता गेला तिथेच पथ्याचं मोठं काम झालं. गाजरातले ५-६ ग्रॅम वाचवून टोमॅटोचा आंबटपणा उघडा पाडण्यात अर्थ नाही. तरीही आंबट लागलं तर चिमटीच्या टोकाइतका खायचा सोडा. त्याहून जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

केचप आणि तयार 'पास्ता सॉस' मात्र लांब ठेवा, दोन्हींत बहुधा साखर असते. डब्यामागचा तक्ता वाचा.

एक सूचना: ज्यांचं पथ्य आहे ते इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असतील, तर जेवणातला पास्ता-पोळी एकदम शून्यावर आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. डोस तोच राहिला तर साखर खाली जाऊ शकते.

---

विटकरी_रंग

खलबत्ताकाकांचा हिशोब बरोबर आहे. पण तुमच्या चारपैकी दोन तक्रारी थेट पाण्याच्या आहेत, तेव्हा मी पाण्यावरच बोलते.

खिमा घरी आणून चाळणीत धुतला की तो पाणी धरून बसतो. धुवायचंच असेल तर दुकानात आधी अख्खा तुकडा धुऊन, पुसून, मग खिमा करायला सांगा. मांडीचा घ्या, मोठ्या जाळीतून एकदाच फिरवलेला, वरून चरबी न मिसळलेला. दोनदा फिरवलेल्याचा लगदा होतो आणि तो गोळेच धरतो. घरी आणल्यावर कागदी टॉवेलवर पसरून तासभर फ्रिजमध्ये उघडा ठेवा.

परतताना घाई नको आणि गर्दी तर अजिबात नको. मांसाला तपकिरी रंग यायला १४०-१५० अंश लागतात. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १००च्या वर चढतच नाही, म्हणून तुमचा खिमा भाजला न जाता उकडतो. मोठी लोखंडी कढई किंवा बिडाचा तवा चांगला तापवा, चमचाभर तेल, आणि अर्ध्या किलोपैकी निम्माच खिमा टाका. थालीपीठासारखा थापा आणि चार मिनिटं हात लावू नका. कान द्या: आधी बुडबुड असा ओला आवाज येतो, पाणी संपलं की तो बदलून चरचर सुरू होते. चरचर सुरू झाल्यावरही दीड-दोन मिनिटं थांबा, मगच उलथा आणि मोडा. दुसरी खेप तशीच. मीठ या टप्प्यावर घालू नका, त्याने पाणी लवकर सुटतं.

ओठांना चिकटणारा थर म्हणजे बोकडाची चरबी. ती लोण्यापेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे ताटात जरा निवलं की गोठते. खिमा भाजून झाला की कढई तिरकी करा, सुटलेली चरबी चमच्याने काढून टाका आणि शेवटी आच बंद केल्यावर चमचाभर ऑलिव्ह तेल घाला. सॉस हलका होतो आणि थरही जातो.

पुढचा क्रम, आता जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात (टोमॅटो लोखंडात तासभर शिजवला की काळपट होतो आणि धातूची चव लागते):

मशरूम बारीक चिरून कोरड्याच परता, पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत, ८-१० मिनिटं. बाजूला काढा. चमचाभर तेलात कांदा-गाजर-सेलरी, सगळं तांदळाच्या दाण्याएवढं चिरलेलं, मंद आचेवर १२-१५ मिनिटं. रंग येऊ द्यायचा नाही, नुसतं मऊ आणि गोडसर. मध्ये जागा करून टोमॅटो पेस्ट दोन मिनिटं परता, लाल रंग विटकरी होईपर्यंत. कच्ची पेस्ट तशीच शिजवली तर डब्याची चव शेवटपर्यंत राहते. मग खिमा, मशरूम, वाइन. वाइनचा नाकात झोंबणारा वास गेला की दूध (त्याबद्दल खाली), मग किसलेला टोमॅटो. टोमॅटो लांबट, जाड सालीचे घ्या. आडवे कापून बिया झटकायच्या आणि खिसणीवर किसायचे, साल हातात उरते. मिक्सरमध्ये बियांचं पाणी आणि हवा दोन्ही मिसळतात, मग आटवायला अर्धा तास जास्त लागतो.

वाइन नको असेल तर १०० मिली सूप आणि एक छोटा चमचा व्हिनेगर. लिंबू, चिंच, आमसूल नको, त्यांची चव लगेच ओळखू येते.

झाकण अर्धवट. एखाददुसरा बुडबुडा येईल इतकीच आच. बोकडाच्या खिम्याला सव्वा ते दीड तास लागतो, तुमचा पाऊण तास कमी पडतोय. पुण्यात कॅम्पात म्हशीचं मिळतं ते घेतलं तर दोन ते अडीच तास. चिकन मांडीचं असेल तर ४० मिनिटं पुरतात, छातीच्या मांसाचा भुसा होतो.

दूध: टोमॅटोच्या आंबटात एकदम ओतलं की फाटणारच. टोमॅटोच्या आधी घालून आटवलं तर मांसात मुरतं. कार्बसाठी कपभराऐवजी दोन मोठे चमचे घरची साय घ्या, गुठळी न राहील अशी फेटून. कण दिसलेच तर घाबरू नका, मंद आचेवर तासाभरात ते सॉसमध्ये विरून जातात.

झालं हे ओळखायचं कसं? पळी ओढल्यावर पातेल्याचा तळ दोन-तीन सेकंद दिसला पाहिजे. नंतर चमचाभर सॉस बशीत ठेवून मिनिटभर थांबा. भोवती पाण्याचं कडं आलं तर अजून आटवा.

---

पाया_सूप

दाटपणाचा मुद्दा राहिला. कॉर्नफ्लॉवरऐवजी पायाचं सूप वापरा. दोन पाय, लिटरभर पाणी, मीठ-मसाला काही नाही. कुकरला शिटी झाल्यावर मंद आचेवर ४५ मिनिटं, गाळून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वर चरबीची चकती जमते ती फेका, खालची जेली ठेवा. सॉस शिजताना दर वीस मिनिटांनी पळीभर, एकूण २०० मिली. त्यातलं जिलेटिन सॉसला अंग देतं आणि कार्ब जवळजवळ शून्य.

बेकन घालायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा: २०२३च्या कृतीत धुरावलेला पान्चेत्ता चालत नाही, आणि आपल्याकडचं बेकन बहुतेक धुरावलेलंच असतं. घालायचंच तर ५० ग्रॅम, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून. त्याच कृतीत लसूण आणि रोझमेरीलाही मज्जाव आहे. जायफळ चिमूटभर चालतं. आलं-लसूण पेस्ट पडली की तो खिमाच, नाव काहीही ठेवा. मशरूमच्या जोडीला ५० ग्रॅम कोंबडीची कलेजी बारीक चिरून घातली तर पान्चेत्त्याची उणीव बरीच भरून निघते, आणि तिला त्या कृतीत परवानगीही आहे.

---

मंडईतली_पिशवी

ताटातलं उरलेलं पाणी झुकिनीचं आहे, सॉसचं नव्हे. झुकिनीत ९०-९५ टक्के पाणी असतं. मधला बियांचा गाभा टाका, बाहेरच्या भागाचेच सालकाढण्याने पट्टे काढा. ४०० ग्रॅमला अर्धा चमचा मीठ, वीस मिनिटं चाळणीत, मग पंचात बांधून पिळा. कोरड्या तापल्या तव्यावर मिनिटभर, बस. सॉसमध्ये टाकून शिजवायचे नाहीत. आणि सॉसचं मीठ तेवढं कमी करा.

पण मला विचाराल तर झुकिनी सोडा, कोबी घ्या. स्वस्त, वर्षभर मिळणारा आणि चावायला काहीतरी असणारा. हा सॉस बोलोन्यात स्पगेटीवर नव्हे, ताल्यातेल्ले या रुंद पट्ट्यांवर वाढतात, आणि तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली त्या पट्टीची रुंदीसुद्धा नोंदवली आहे: शिजल्यावर ८ मिलीमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. (पुणेकरांना कमी समजू नका, पण हे आपल्यालाही सुचलं नसतं.) कोबीची मोठी पानं सुटी करून जाड शीर काढा, पानं एकावर एक ठेवून ८ मिलीमीटरचे लांब पट्टे कापा. माणशी १०० ग्रॅम. खारट उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, निथळून कापडावर पसरा, वाफ गेली की कोरड्या कढईत मिनिटभर. तंतू वजा जाता १०० ग्रॅमला साडेतीन ग्रॅम कार्ब.

दुधीचे पट्टेही होतात, कोवळा घ्या. आधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर सगळा टाकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो विषारी असतो. झुकिनीलाही हाच नियम.

आणखी एक फरक. पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च सॉसला पट्ट्यांना धरून ठेवतो. भाजीला तो नाही. म्हणून सॉस नेहमीपेक्षा कोरडा ठेवा आणि आच बंद करून छोटा चमचा लोणी आणि माणशी १० ग्रॅम किसलेलं पार्मेजान ढवळा. क्यूबचं प्रोसेस्ड चीज नको, खारटपणा वाढतो.

सेलरी मंडईत रोज मिळेलच असं नाही, कॅम्पात शिवाजी मार्केटला बघा. नसेल तर फ्लॉवरचे कोवळे दांडे बारीक चिरून घाला. वास येणार नाही, पोत येईल.

---

पौडफाटा_चौथा_मजला

सगळ्यांचे आभार. दोन शंका. कुकर वापरला तर वेळ वाचेल का? आणि घरात एक शाकाहारी आहे, सोया ग्रॅन्यूल्सचं याच पद्धतीने होईल का?

---

विटकरी_रंग

कुकरमध्ये मांस शिजतं, सॉस आटत नाही. खिमा आणि भाज्या भाजून, सूप फक्त १०० मिली घालून, एका शिटीनंतर मंद आचेवर १२ मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या, मग उघड्यावर २०-२५ मिनिटं आटवा. वेळ निम्मा होतो, चव थोडी पातळ राहते.

सोयासाठी ६० ग्रॅम कोरडे ग्रॅन्यूल्स उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, दोनदा धुऊन मुठीने घट्ट पिळा, नाहीतर कच्चट वास राहतो. सगळे मिळून २० ग्रॅम कार्ब, त्यातले बरेच तंतू. सोया आटून दाट होत नाही, म्हणून मशरूम ३०० ग्रॅम करा आणि पायाच्या सुपाऐवजी सुके मशरूम भिजवलेलं पाणी. शिजवायला ३० मिनिटं भरपूर. पार्मेजान मात्र त्यांच्या ताटात घालू नका, ते वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध साकळवणाऱ्या द्रव्याने) बनतं.

---

पाया_सूप

उरलेला सॉस उथळ ताटलीत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, एप्रिल-मेमध्ये तर तासाभरात. तीन दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी पळीभर सूप घालून गरम करायचा, आणि तेव्हाही झाकण न ठेवता.