घरकामातून वरकड मूल्य निर्माण होतं का?

वाचनवेडी: मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडानुसार श्रमशक्तीचं (काम करण्याच्या क्षमतेचं) मूल्य म्हणजे कामगाराला जगायला लागणाऱ्या वस्तूंचं मूल्य. पण पीठ आणलं तरी भाकरी कुणीतरी थापावीच लागते. ते श्रम हिशेबात कुठे धरायचे?

खडूफळा: मार्क्सच्या लेखी मूल्य येतं विक्रीसाठी केलेल्या श्रमातून. बाई घरी भाकऱ्या थापते तेव्हा फक्त उपयोग-मूल्य (वस्तूची उपयुक्तता), मालकाच्या हॉटेलात पगारावर थापते तेव्हा वरकड मूल्यही, म्हणजे मजुरी भरून निघाल्यावर मालकाकडे उरणारं मूल्य. मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स या स्त्रीवादी लेखिकांनी १९७२ मध्ये हे नाकारलं: घरात श्रमशक्ती हा मालच तयार होतो, तेव्हा गृहिणीही वरकड मूल्य निर्माण करते. घरकामाला वेतन द्या, ही मोहीम त्यातूनच उभी राहिली. पण इथे गाडी अडते. मूल्य ठरतं सामाजिकदृष्ट्या आवश्यक (म्हणजे सर्वसाधारणपणे लागणाऱ्या) श्रमकाळावर, आणि तो ठरवते बाजारातली स्पर्धा. एकीला स्वयंपाकाला दोन तास लागतात, शेजारणीला चार; म्हणून कुणाच्या नवऱ्याची मजुरी हलत नाही.

उलटतपासणी: मान्य, पण 'मूल्य नाही' म्हणजे 'मालकाला फायदा नाही' असं नव्हे. परीक्षेत हमखास हाच घोटाळा होतो. समजा, आठ तासांच्या पाळीत चार तासांत मजुरी भरून निघते, उरलेले चार मालकाचे. उद्या जेवण, धुणं, मुलं सांभाळणं सगळं विकत घ्यावं लागलं आणि त्यासाठी मजुरी पाच तासांइतकी करावी लागली, तर मालकाकडे तीनच उरतात. घरकाम मूल्य निर्माण न करताही वरकड वाढवतं ते असं. बाई कारखान्यात गेली की घरखर्च वाढतो, हे खुद्द मार्क्सने यंत्रांवरच्या प्रकरणात नोंदवलंय, तेही तळटीपेत! मार्क्सवादी-स्त्रीवादी लिझ व्होगेलने १९८३ मध्ये हाच धागा पुढे नेला. मात्र ते काम बाईच्याच गळ्यात का, याचं उत्तर या गणितात नाही. स्त्रीवादी अर्थतज्ज्ञ हायडी हार्टमनचा आक्षेप नेमका तोच: भांडवल रिकाम्या जागा तयार करतं, तिथे कुणी बसायचं ते पितृसत्ता ठरवते. आपल्याकडे त्यात जातही आली.

गिरणगाव: @खडूफळा, मधला प्रकार राहिला. मुंबईत एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना डबा घालणाऱ्या खानावळवाल्या, ज्यांची संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा' म्हणून बांधली. चूल स्वतःची, जेवण विकलेलं, मालक कुणी नाही: म्हणजे मूल्य आहे, पण वरकड मूल्य नाही. तरी त्या नाडल्या जायच्या, कारण कामगार पैसे महिन्याने देणार आणि वाणसामान आजच भरायचं. मधली रक्कम सावकाराकडून, जबर व्याजाने. म्हणून पहिली लढाई बँकेच्या कर्जासाठी झाली.

वाचनवेडी: म्हणजे त्यांची पिळवणूक व्याजातून. हे 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात शोधायचं का?

गिरणगाव: हो, सावकारी भांडवलाचं प्रकरण बघा.