हरणांचा 'झिजरोग' माणसाला लागेल का? (चर्चा)

पाणवठा: 'झॉम्बी हरीण' असल्या मथळ्यांचा कंटाळा आलाय, म्हणून हा धागा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (सीडब्ल्यूडी) 1967 साली कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला. हरीण खंगत जातं, लाळ गळते, शेवटी मरतं. वाईटच आहे. पण इतकी वर्षं शिकारी हरणाचं मांस खातायत आणि माणसाला हा रोग झाल्याचं एकदाही सिद्ध झालेलं नाही. मग एवढा गहजब कशाला?

मधमाशी: असहमत. हा प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा रोग आहे, आणि अशा रोगात वर्षं मोजून निर्धास्त होता येत नाही. पापुआ न्यू गिनीत मेलेल्या नातलगांना खाण्याच्या प्रथेतून कुरू हा माणसांतला असाच मेंदूचा रोग पसरला. प्रथा 1960 च्या सुमारास बंद पडली, तरी या शतकातही त्याचे रुग्ण सापडले. शिवाय 1967 मध्ये सीडब्ल्यूडी एका कोपऱ्यात होता. आज तो अमेरिकेच्या तीसहून जास्त राज्यांत आहे, कॅनडात आहे, 2016 मध्ये नॉर्वेच्या रेनडिअरमध्येही निघाला.

पाणवठा: आणि स्क्रेपी? मेंढ्यांमधला तो प्रायॉन रोग अडीचशे वर्षांपासून माहीत आहे, माणसाला नाही लागला. 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका अग्निशमन दलाच्या मेजवानीत चुकून सीडब्ल्यूडी झालेल्या हरणाचं मांस वाढलं गेलं. जेवलेल्यांवर पुढे कित्येक वर्षं लक्ष ठेवलं, त्या मांसामुळे कुणी आजारी पडल्याचं दिसलं नाही.

मधमाशी: स्क्रेपीचा हाच दाखला मॅड काऊच्या, म्हणजे गाईंमधल्या प्रायॉन रोगाच्या वेळीही दिला होता की! 1990 मध्ये ब्रिटनच्या कृषिमंत्र्यांनी गोमांस सुरक्षित आहे हे दाखवायला कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या लहान मुलीपुढे बीफबर्गर धरला. 1996 मध्ये सरकारला कबुली द्यावी लागली की तो बहुधा माणसालाही लागतो. त्या रोगाने एकट्या ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली.

काचपट्टी: दोघेही थोडं थांबा. प्रायॉन म्हणजे जंतू नाही, चुकीची घडी पडलेलं प्रथिन. ते आपल्यासारख्याच दुसऱ्या प्रथिनाला स्वतःची घडी पाडतं. हरणाचं आणि माणसाचं हे प्रथिन पुरेसं वेगळं आहे, त्यामुळे घडी सहज पडत नाही. 2024 मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मेंदूच्या पेशींच्या गोळ्यांना सीडब्ल्यूडी देऊन पाहिला, संसर्ग झाला नाही. उलट स्क्विरल माकडांना तो झाला. मकाक माकडं आपल्याला जास्त जवळची, त्यांच्यावरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. आणि सीडब्ल्यूडीचे प्रकारही एकाहून जास्त आहेत, आजची भिंत उद्याच्या प्रकाराला अडवेलच असं नाही.

भटक्या: मांस नीट शिजवलं तर?

काचपट्टी: उपयोग नाही. प्रायॉन शिजवून जात नाही, मातीत तर वर्षानुवर्षं टिकतो. मेंदू आणि मणका टाकून दिला की झालं, असंही नाही, कारण 2006 मध्ये आजारी हरणांच्या स्नायूंतही तो सापडलाय.

पाणवठा: म्हणूनच तर तपासणी आहे ना. सीडीसी (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) सांगते तसं करा, पॉझिटिव्ह आलं तर खाऊ नका. विषय संपला.

मधमाशी: कसा संपला? लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं आणि बऱ्याच ठिकाणी तपासणी ऐच्छिक आहे. न तपासताच खाल्लेल्यांची नोंद कुठे असणार?

भटक्या: पाणवठा, एकच विचारतो. पॉझिटिव्ह आलेलं मांस तुम्ही खाल?

पाणवठा: नाही.

भटक्या: मग भांडण कशाचं चाललंय?

पाणवठा: 'झॉम्बी' शब्दाचं!